टी पेशींच्या रिसेप्टरांची विविधता 'कमी' आली: ७४ वर्षांच्या वडिलांचा अहवाल कसा वाचावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि आजी १०२ वर्षांच्या असून अजून स्वतःची कामे स्वतः करतात. वडिलांनी एका आरोग्य पॅकेजमध्ये 'रोगप्रतिकारशक्तीचे वय' सांगणारी तपासणी करून घेतली. अहवालात तीन ओळी लाल रंगात आल्या: टी पेशींच्या रिसेप्टरांची विविधता कमी, सीडी४ आणि सीडी८ पेशींचे गुणोत्तर ०.८, आणि सीडी२८ नसलेल्या सीडी८ पेशींचे प्रमाण जास्त. (टी पेशी म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा ओळखणारा रेणू. सीडी४ हा टी पेशींचा मदतनीस गट, तर सीडी८ हा मारक गट.) वडील घाबरले आहेत. हे कितपत गंभीर आहे, आजींच्या रक्तात असे काय वेगळे असेल की त्या इतक्या जगल्या, आणि विविधता परत वाढवण्यासाठी काही घेता येईल का, असे तीन प्रश्न विचारलेले आहेत.

मी रक्तविकार आणि रोगप्रतिकारशक्तीच्या तपासण्यांचे अहवाल वाचण्याचे काम बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो की या तीन प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: रिसेप्टरांचा संच आक्रसणे हा आजार आहे, की वयाची खूण आहे, की वयाशी शरीराने केलेली तडजोड आहे? उत्तर माणसागणिक बदलते, आणि अहवाल तयार करणाऱ्या संगणकाला तो माणूस माहीत नसतो. त्यामुळे आधी शरीरात काय घडते ते सांगतो आणि मग वडिलांच्या आकड्यांकडे येतो.

टी पेशी ज्या रिसेप्टरने विषाणूचा तुकडा ओळखते, तो रिसेप्टर आपल्याला आईवडिलांकडून जसाच्या तसा मिळत नाही. जनुकांचे काही तुकडे निवडून, ते जोडून आणि जोडावर थोडी अक्षरे यदृच्छया घालून किंवा गाळून प्रत्येक नवी पेशी स्वतःचा रिसेप्टर घडवते. प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करणाऱ्या बी पेशी त्यांच्यासाठी हेच करतात, आणि प्रतिपिंडांमागची ही युक्ती उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. टी पेशींची ही घडण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये या ग्रंथीचे काम दाखवून देईपर्यंत तिला निरुपयोगी समजले जात असे. तिचे कार्यक्षम ऊतक लहानपणापासूनच कमी होऊ लागते आणि साठीच्या आसपास तिथे बहुतांशी चरबी उरते.

मग प्रौढ माणसात नव्या, म्हणजे अजून कोणत्याही जंतूला न भेटलेल्या टी पेशी येतात कुठून? उंदरांत त्या आयुष्यभर मुख्यतः थायमसमधून येतात. माणसात मात्र प्रौढपणी बहुतेक भरपाई आधीच्याच पेशींच्या विभाजनातून होते. टाकसाळ जवळजवळ बंद पडल्यावर चलनातल्या नाण्यांच्याच प्रती काढून व्यवहार चालवावा, तशी ही स्थिती असते: नाण्यांची संख्या टिकते, पण नवा छाप येत नाही, आणि ज्या छापाच्या प्रती निघाल्या नाहीत तो कायमचा जातो. पेशींची एकूण संख्या सामान्य दिसत असतानाही रिसेप्टरांची विविधता घटलेली असू शकते, त्यामागचे कारण हेच आहे.

ही घट किती असते? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या अमेरिकी अभ्यासात, सत्तरी ओलांडलेल्या निरोगी लोकांच्या नव्या टी पेशींतील रिसेप्टरांची विविधता विशी-तिशीतल्या लोकांच्या तुलनेत साधारण २ ते ५ पटींनी कमी आढळली. वाचायला हे भयंकर वाटते, परंतु तरुणांमध्ये हा आकडा काही कोटींपासून १० कोटींच्या घरात असतो. म्हणजे घट होऊनही कोट्यवधी वेगवेगळे रिसेप्टर शिल्लक राहतात. त्याच अभ्यासातली मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की वाटणी विषम होते. एकाच पेशीपासून वाढलेली काही कुळे, ज्यांना आम्ही क्लोन म्हणतो, अवाजवी फुगतात आणि बाकीची विरळ होतात. म्हातारपणी किती प्रकार उरले यापेक्षा जागा कोणी व्यापली, हा प्रश्न बहुधा जास्त उपयोगी ठरतो.

जागा व्यापणाऱ्यांमध्ये पहिला मान सायटोमेगॅलो विषाणूचा, म्हणजे सीएमव्हीचा. भारतात बहुतेक प्रौढांना तो कधी ना कधी, बहुधा लहानपणीच, होऊन गेलेला असतो. तो शरीरातून जात नाही, निरोगी माणसाला सहसा त्रासही देत नाही, पण त्याला धाक दाखवत राहण्यासाठी सीडी८ पेशींचे काही क्लोन दशकानुदशके वाढत जातात. अशा वारंवार कामाला जुंपलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरचे इतर रिसेप्टरही बदलतात. टी पेशीला पूर्णपणे जागे होण्यासाठी मुख्य रिसेप्टरखेरीज दुसरा एक होकार लागतो आणि तो सीडी२८ या रेणूमार्फत मिळतो. सतत विभाजन झालेल्या पेशी हा सीडी२८ गमावतात, आणि त्यांच्यावर सीडी५७, केएलआरजी१ अशी 'खूप वापर झाला आहे' असे सांगणारी चिन्हे दिसू लागतात.

एवढ्यावरून या पेशींना 'निकामी' म्हणण्याची घाई अहवालांत केली जाते. ते मला मान्य नाही. या पेशी भराभर विभागू शकत नाहीत हे खरे, पण त्यांच्याकडे मारक रसायनांचा साठा भरपूर असतो आणि त्या एनके पेशींचे (नॅचरल किलर, म्हणजे उपजत मारक पेशींचे) काही रिसेप्टर, उदाहरणार्थ एनकेजी२डी, उचलून वापरू लागतात. एनके पेशींचे रिसेप्टर जन्मजात ठरलेले असतात आणि त्यांना थायमसच्या कारखान्याची गरज नसते. नवीन ओळखपरेड करणे अवघड झालेले शरीर अशा रीतीने संकटाची सर्वसाधारण लक्षणे पाहून मारणाऱ्या पद्धतीकडे झुकते. याचा तोटाही आहे. या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात, आणि वृद्धापकाळातल्या त्या मंद, सततच्या दाहामध्ये त्यांचाही वाटा असतो. तरीही तडजोड आणि बिघाड यांत फरक करायला हवा.

बी पेशींबाबत थोडक्यात सांगतो, कारण वडिलांच्या अहवालात त्या नाहीत. त्यांची संख्या घटते आणि नव्या प्रतिपिंडांची धार लावण्याची प्रक्रिया मंदावते. अशक्त झालेल्या काही वृद्धांत रिसेप्टरांचा संच बराच आक्रसलेला आढळतो. उलट जुनी स्मृती मात्र आश्चर्यकारकरीत्या टिकते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीतून वाचलेल्या आणि २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ३२ व्यक्तींच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे सापडली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बी पेशी तोपर्यंत ती प्रतिपिंडे तयार करू शकत होत्या. जवळजवळ ९० वर्षे टिकलेला रिसेप्टर तो हाच.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो, कारण वडिलांचा अहवाल वाचण्याची किल्ली मला तिथेच दिसते.

दीर्घायुषी लोकांच्या टी पेशी तरुणांसारख्या असतील, त्यांच्या रिसेप्टरांची विविधता टिकून असेल, असा सर्वांचाच अंदाज असतो. जपानमधील रिकेन संस्था आणि केईओ विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ११० वर्षे ओलांडलेल्या ७ व्यक्तींच्या आणि तुलनेसाठी त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान असलेल्या ५ व्यक्तींच्या रक्तातील सुमारे ६१ हजार पेशी एकेक करून तपासल्या. त्यांना जे दिसले ते या अंदाजाच्या विरुद्ध होते. बी पेशी कमी झालेल्या होत्या, आणि टी पेशींमध्ये एक एरवी दुर्मीळ प्रकार प्रचंड वाढला होता: सीडी४ गटातील असूनही सीडी८ पेशींप्रमाणे शत्रुपेशी मारू शकणाऱ्या पेशी. तुलनेच्या गटात टी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते, तर अतिदीर्घायुषी गटात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास. ज्यांचे रिसेप्टर वाचले गेले, त्यांच्यात एकेका क्लोनने सगळ्या सीडी४ पेशींपैकी १५ ते ३५ टक्के जागा व्यापलेली होती.

हा निष्कर्ष वडिलांच्या अहवालाशेजारी ठेवून पाहावा. ११० वर्षांच्या त्या व्यक्तींनी हीच 'विविधता' तपासणी करून घेतली असती, तर त्यांच्या अहवालातही ती ओळ लालच आली असती, कदाचित वडिलांच्या अहवालापेक्षा गडद. म्हणजे अरुंद झालेला संच आणि अत्यंत दीर्घ आयुष्य एकत्र नांदू शकतात. त्या वाढलेल्या क्लोनचे लक्ष्य विषाणू असतील किंवा कर्कपेशी असतील, असे तर्क मांडले गेले आहेत. ते तर्क आकर्षक आहेत, पण ते पुराव्याच्या पातळीवर जाईपर्यंत मी त्यांवर कोणाला सल्ला देणार नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. शंभरी गाठलेल्या लोकांचा अभ्यास म्हणजे गाळणीतून उरलेल्यांचा अभ्यास असतो. त्यांचे तिशीतले रक्त कोणी जपून ठेवलेले नसते, त्यामुळे आज दिसणारे वैशिष्ट्य दीर्घायुष्याचे कारण आहे की इतकी वर्षे जगल्याचा परिणाम आहे, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. म्हणूनच एकाच व्यक्तींना वर्षानुवर्षे तपासणारे अभ्यास मोलाचे ठरतात. स्वीडनमधील योंशोपिंग इथे ऐंशी-नव्वदीच्या लोकांवर झालेल्या अशा अभ्यासांतून 'धोक्याचे प्रतिकार-चित्र' ही कल्पना पुढे आली: सीडी४ आणि सीडी८ यांचे गुणोत्तर १ च्या खाली, सीडी२८ नसलेल्या सीडी८ पेशींचे आधिक्य, आणि सीएमव्हीचा संसर्ग. अशा लोकांत पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त होते, आणि जे पुढे १०० वर्षांपर्यंत पोचले त्यांच्यात हे चित्र आढळले नाही.

वडिलांच्या अहवालातला ०.८ हा आकडा 'लाल' होण्यामागे हीच परंपरा आहे. परंतु ती सरसकट लागू करता येत नाही. बेल्जियममध्ये ८० वर्षांवरील लोकांच्या अभ्यासात, सीएमव्ही न झालेल्या स्त्रियांमध्ये हे गुणोत्तर ५ पेक्षा जास्त असणे मृत्यूशी जोडलेले आढळले, म्हणजे नेमकी उलटी बाजू. स्वीडनमधील आकडे ऐंशीच्या पुढच्या लोकांचे होते. वडील ७४ वर्षांचे आहेत. शिवाय आपल्याकडे सीएमव्ही जवळजवळ सर्वांनाच झालेला असल्याने, युरोपातील वृद्धांत जी गोष्ट धोक्यातल्या आणि सुरक्षित माणसांत फरक दाखवते, ती आपल्याकडे तेवढा फरक दाखवेलच असे नाही.

इथपर्यंतचे सार एवढेच की विविधतेतील घट वयानुसार अपेक्षित आहे, तिचा अर्थ जागा कोणी व्यापली यावर अवलंबून आहे, आणि शंभरीपलीकडची माणसे या चाचणीत 'उत्तीर्ण' होतातच असे नाही.

आता असा अहवाल माझ्यासमोर आला तर मी तो कोणत्या क्रमाने वाचतो, ते सांगतो.

विविधतेचा आकडा मी सर्वांत शेवटी पाहतो. शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी (टी, बी आणि एनके पेशींपैकी) जेमतेम २ टक्के रक्तात असतात, बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतडे, अस्थिमज्जा इथे असतात. त्यातून काही मिलिलीटर रक्त घेऊन विविधतेचा अंदाज बांधला जातो. किती पेशींचे रिसेप्टर वाचले गेले, कोणते किट वापरले, कोणते गणिती सूत्र लावले, यानुसार त्याच माणसाचा आकडा बदलतो. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना तर करूच नये. हृदयाच्या चाचण्यांसारखी सर्वमान्य सामान्य पातळी या चाचणीला अजून नाही, आणि 'प्रतिकारशक्तीचे वय ८० वर्षे' अशी वाक्ये छापणे हे माझ्या मते विक्रीचे तंत्र आहे.

सुरुवात मी टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्येपासून करतो. नव्या सीडी८ पेशी वयानुसार सर्वांत वेगाने घटतात. त्या घटल्या की सीडी२८ नसलेल्या पेशींचे प्रमाण आपोआप वाढलेले दिसते, त्या पेशी प्रत्यक्षात वाढलेल्या असोत वा नसोत. त्यामुळे प्रति मायक्रोलीटर सीडी४ किती आणि सीडी८ किती, हे अहवालात छापलेले आहे का ते पाहावे. नसेल तर प्रयोगशाळेकडून मागून घ्यावे.

त्यानंतर उलटलेल्या गुणोत्तराची इतर कारणे वगळावी लागतात. गेल्या काही आठवड्यांत विषाणूजन्य ताप आला होता का, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत का, हे विचारावे. आणि वय ७४ आहे म्हणून एचआयव्हीची चाचणी वगळू नये. हे घरात बोलणे अवघड जाते याची मला कल्पना आहे, पण सीडी४ कमी आणि गुणोत्तर उलटे असताना ही साधी चाचणी एकदा करणे हा वैद्यकीय शिस्तीचा भाग आहे, कोणावरचा संशय नव्हे.

तिसरी गोष्ट मोठ्या क्लोनची. अहवालात कुठे 'मोनोक्लोनल' किंवा 'क्लोनल टी पेशी' असा शेरा असेल, तर इंटरनेटवर शोधणारा माणूस थेट रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोचतो. वृद्ध माणसाच्या रक्तात एखादा ठळक टी पेशी क्लोन सापडणे ही आमच्या कामात नित्याची गोष्ट आहे, आणि त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी असतात. काळजी केव्हा करायची, तर लिम्फोसाइटची संख्या महिनोनमहिने वाढलेली राहिली, न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किंवा हिमोग्लोबिन घटू लागले, प्लीहा वाढली, गाठी आल्या, वजन उतरू लागले किंवा संसर्ग वारंवार होऊ लागले तेव्हा. यांपैकी काही असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे. काही नसेल तर साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) काही महिन्यांनी पुन्हा करणे पुरते.

तिसरा प्रश्न वाढवण्याचा होता. गेलेली विविधता परत आणणारे, मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. थायमस पुन्हा वाढवण्याचा एक बहुचर्चित प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाढीचे संप्रेरक आणि इतर औषधे वापरली होती, पण सहभागी पुरुष ९ होते आणि तुलनेचा गट नव्हता. त्याच्या आधारे ७४ वर्षांच्या माणसाला वाढीचे संप्रेरक देणे मी धोक्याचे समजतो. 'इम्युनिटी बूस्टर' गोळ्या आणि काढे यांबाबतही हात आखडता घ्यावा. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा विकार असलेल्या वृद्धाने ही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे तरी त्यातून निघते.

आहे ती थायमस जपणे मात्र शक्य आहे, आणि ती प्रौढपणी अगदीच निरुपयोगी नसते. २०२३ मध्ये बोस्टनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांत ५ वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ८.१ टक्के होते, तर छातीची तत्सम शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांत २.८ टक्के. इंग्लंडमधील एका अभ्यासात ५५ ते ७९ वर्षांच्या, आयुष्यभर लांब पल्ल्याची सायकल चालवलेल्या लोकांत थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशींचे प्रमाण त्यांच्या वयाच्या बैठ्या लोकांपेक्षा जास्त आढळले. सायकलमुळेच तसे झाले की मुळात निरोगी लोकच सायकल चालवत राहिले, हे त्यातून पक्के होत नाही. तरीही रोजच्या व्यायामाचा सल्ला देताना मला संकोच वाटत नाही, कारण त्याचे इतर फायदे निर्विवाद आहेत.

खरा हातात असलेला उपाय लशींचा आहे, आणि त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. नव्या रिसेप्टरांची उणीव असलेल्या शरीराला लस देताना दोन मार्ग असतात: जुनी स्मृती जागवणे, किंवा सुरुवातीचा इशारा मोठा करणे. वयोमानानुसार, टी पेशींना पहिला इशारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींवरील टोल-सदृश रिसेप्टरांचा (जंतूंची सर्वसाधारण चिन्हे ओळखणाऱ्या रिसेप्टरांचा) प्रतिसादही मंदावतो, म्हणून इशारा मोठा करावा लागतो. नागिणीच्या रिकॉम्बिनंट (जिवंत विषाणूऐवजी त्याचे एक प्रथिन असलेल्या) लशीत हेच केले आहे. नागीण ज्याच्यामुळे होते त्या कांजिण्यांच्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी आपल्याकडच्या बहुतेक वृद्धांत आधीपासून असतात, आणि लशीचा परिणाम वाढवणाऱ्या सहायक द्रव्यात टोल-सदृश रिसेप्टर ४ ला चेतवणारा घटक असतो. जुन्या जिवंत विषाणूच्या लशीची परिणामकारकता सत्तरीपुढे ३८ टक्क्यांपर्यंत घसरत होती; या नव्या लशीची सत्तरीपुढील चाचणीत सुमारे ९० टक्के आली. अरुंद रिसेप्टर संच असलेली माणसेच तर त्या चाचणीत होती. ही लस भारतात २०२३ पासून मिळते, तिचे २ डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने देतात, आणि ती महाग आहे, हेही सांगायला हवे. इन्फ्लुएन्झाची दरवर्षीची लस आणि न्यूमोकोकसची लस त्याहून स्वस्त आहेत. खर्चात निवड करावी लागली तर पॅकेजमधील ही तपासणी पुन्हा करण्याऐवजी त्या पैशांत या दोन लशी आधी घ्याव्यात.

आजींच्या रक्ताची तपासणी करावी का, असेही प्रश्नात ओझरते विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. त्यांच्या रक्तात मोठे क्लोन सापडण्याची बरीच शक्यता आहे, आणि त्या सापडण्याने त्यांच्या किंवा वडिलांच्या उपचारात काहीही बदल होणार नाही. त्यांनाही इन्फ्लुएन्झाची लस चालते. आधी झालेली ॲलर्जी आणि सध्याचा ताप एवढे डॉक्टरांनी विचारून घ्यावे. वडिलांच्या बाबतीत सीबीसी, एचआयव्ही आणि प्रत्यक्ष सीडी४ संख्या हातात आल्यावर ती इथे लिहावी. सीडी४ ३०० च्या खाली असेल तर मात्र इथल्या उत्तराची वाट न पाहता प्रतिकारशक्तीच्या विकारांच्या तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे.